काश्यप गोत्राचे सिनेटर

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या घरी तीन पिढ्यांचे पितर आणि एक अमेरिकन सिनेटर जेवायला येतात. पितरांचं ठीक आहे, ते सगळ्यांकडेच येतात. सिनेटर फक्त आमच्याकडे येतात. नाशिकात ते आणखी कुठे जेवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

पक्ष आला हे मला कॅलेंडरवरून कधीच कळत नाही. गणपतीचे मांडव उतरतात, बांबूंची भोकं रस्त्यात तशीच राहतात आणि त्यांत पाणी साचतं. पाऊस गेला म्हणून छत्री घरी ठेवावी तर दुपारी पाच मिनिटं येऊन जातो. ऊन एकदम कडक आणि पिवळं होतं. आणि मग एका सकाळी कॉलेजला जाताना सोसायटीच्या फाटकाशी हिराबाईच्या पाट्यांपुढे भोपळ्याच्या फोडी, गवारीचे ढीग आणि अळूच्या जुड्या दिसतात. यंदाही तशा दिसल्या. मी थांबलो. हिराबाई गंगापूरकडच्या मळ्यातून भाजी आणते आणि फाटकाशेजारच्या पत्र्याच्या शेडखाली बसते. मला पाहताच तिने विचारलं, "दादा, औंदा कणसं आनू ना? बाबा गेले म्हनून तुमच्या त्या पाव्हण्याला उपाशी नका ठिऊ."

मी मान हलवली. खरं तर त्या मानेत हो आणि नाही दोन्ही होतं. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. पहिल्या वर्षी पक्ष करत नाहीत, त्यामुळे गेल्या भाद्रपदात हा प्रश्न आला नव्हता. यंदा पाणी मी द्यायचं होतं. पितरांना देण्यात काही अडचण नव्हती. अडचण सिनेटरांची होती, कारण त्यांच्या बाबतीत मी बाबांशी एक खोटं बोललो होतो आणि ते दुरुस्त करायच्या आत बाबा गेले.

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. स्लिप नसेल तर ते मालकाच्या मुलालासुद्धा बोल्ट देत नसत. तरुणपणी कधीतरी ते देवळाली कॅम्पच्या बाजारात सायकलची सीट घ्यायला गेले आणि रद्दीच्या दुकानातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. सीट राहिलीच. आई अजून सांगते, "लग्नानंतर तीन वर्षं सायकलवर पोतं बांधून बसलेय मी. त्या सिनेटरमुळे."

पुस्तक एका अमेरिकन सिनेटरचं चरित्र होतं. विसावं शतक नुकतं लागलं होतं तेव्हाचे हे गृहस्थ. एझ्रा हे त्यांचं पहिलं नाव. आडनाव बाबांना शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून मीही ते इथे लिहीत नाही. शेतकऱ्याचा मुलगा, आधी शाळामास्तर, मग वकील, मग गव्हाच्या एका सपाट राज्यातून निवडून गेलेला सिनेटर. सबंध कारकीर्द त्यांनी एकाच गोष्टीसाठी खर्च केली. शेतकरी गाड्या भरून धान्य स्टेशनवर आणत, रेल्वे कंपन्यांचे डबे वेळेवर येत नसत आणि पोती उघड्यावर भिजत. सिनेटरांचं म्हणणं एवढंच, की प्रत्येक स्टेशनवर कंपनीने एक शेड बांधावी. तसं बिल त्यांनी आणलं. ते पाडलं गेलं. पुन्हा आणलं. स्वतःचा पक्ष विरोधात गेला, मित्र बोलेनासे झाले, वर्तमानपत्रांनी टोप्या उडवल्या. सिनेटर बिल घेऊनच उभे.

ही गोष्ट मोठी आहे असं मला लहानपणी कधी वाटलं नाही. पण बाबा स्टोअरकीपर होते. माल भिजणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. "युद्ध कोणीही करतं रे," ते म्हणायचे, "शेड बांधून दाखवा."

कारखान्यात प्रत्येक कप्प्याला पुठ्ठ्याचं एक कार्ड टांगलेलं असे. किती आलं, किती गेलं, किती उरलं. त्याला बिन कार्ड म्हणत. बाबांनी सिनेटरांचं चरित्र मराठीत आणायचं ठरवलं तेव्हा दुसरी पद्धत त्यांना माहीतच नव्हती. त्यामुळे सिनेटरांचं अख्खं आयुष्य आमच्या लोखंडी कपाटात बिन कार्डांवर आहे. प्रत्येक वर्षाला एक कार्ड. एका कार्डावर लिहिलंय: आले, गव्हाच्या पट्ट्यातील सर्व मते. गेले, पक्षातील स्नेही. शिल्लक, स्वतः.

एकच घोटाळा होता. पुस्तकाचा हा पहिला खंड होता. शेवटच्या पानावर सिनेटर बिलावरच्या अखेरच्या भाषणाला उभे आहेत. शेजारी दुधाचा ग्लास. त्या सभागृहात एकदा बोलायला उभं राहिलं की बसेपर्यंत कोणी गप्प करू शकत नाही, म्हणून आपलं बिल मतदानाला यावं यासाठी विरोधकांचं एक काम अडवून ते तासन्‌तास बोलतात. मग शेवटी बसतात, कारकून मतदानासाठी नावं पुकारायला लागतो, आणि पान संपतं. खाली बारीक अक्षरांत, पुढे दुसरा खंड पाहावा.

बाबा दुसरा खंड पाहायला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळाली कॅम्पला जात. आधी सायकलने, मग स्कूटरने, मग बसने. दुकानदार म्हातारा झाला. "आया नहीं अभी, साहब." तो गेला, मुलगा बसायला लागला. "पप्पा बोलके गये हैं, साहब का दूसरा भाग आये तो अलग रखना." बाबांनी मोबाईल घेतला तो फक्त आकडे दाबायचा. मी कॉलेजात ग्रंथपाल. म्हटलं, "बाबा, शोधून देतो, हल्ली सगळं सापडतं." ते म्हणाले, "पुस्तक पुस्तकासारखं सापडू दे." मला वाटतं, त्यांना शेवटाची थोडी भीतीही असावी.

पहिल्या खंडात सिनेटर अविवाहित होते. त्यांना पाणी द्यायला मागे कोणी नाही, हे बाबांना वर्षानुवर्षं सलत होतं. एका वर्षी पक्षात आम्ही गंगेवर गेलो. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. आमच्याकडे सगळे पितर सर्वपित्री अमावास्येलाच येतात. बाबांना रजा एकच मिळे, आणि पितरांनी ते समजून घेतलं होतं. मी कॉलेजात शिकत होतो, पंचा नेसून लाजत उभा होतो. आजोबा, पणजोबा झाले, आजोळचे झाले, आणि बाबा गुरुजींना म्हणाले, "अजून एक आहेत."

"नाव?"

"एझ्रा."

गुरुजींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. घाटावर बसणारा माणूस चकित होणं केव्हाच विसरलेला असतो. "गोत्र?"

"माहीत नाही. अमेरिकेतले आहेत."

"गोत्र माहीत नसेल तर काश्यप. तशी सोय आहे. नातं?"

बाबा अडले. मागे रांग वाढत होती. गुरुजीच म्हणाले, "गुरू, शिष्य, सखा, आप्त. यांतलं काही बसतं का बघा."

"सखा," बाबा म्हणाले.

अशा रीतीने गव्हाच्या राज्याचे माननीय सिनेटर काश्यप गोत्रात आले. गुरुजींकडे लाल कापडात गुंडाळलेल्या लांबट वह्या असतात. यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्यांत लिहिलेली. आमच्या पानावर पणजोबांच्या खाली बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: सखा, एझ्रा, सिनेटर, अमेरिका. निःसंतान.

घरी आल्यावर खरा प्रश्न आईने विचारला. "तुमच्या आजोबांना वडे-खीर चालते. हे काय खातात?" बाबांनी पुस्तक चाळलं. सिनेटरांना उकडलेलं मक्याचं कणीस प्रिय होतं. तेव्हापासून गच्चीवर पितरांच्या पानांशेजारी एक जादा पान, त्यावर वरण-भात आणि उकडलेलं कणीस. आणि काय सांगावं, दर वर्षी कावळा आधी त्या कणसावर येतो. आई हात कमरेवर ठेवून म्हणायची, "मी पहाटेपासून वडे तळतेय. आणि याला अमेरिका आवडते!"

हे सगळं दर भाद्रपदात आठवतं, पण खरी आठवण आहे ती दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदाची. बाबांचा तो शेवटचा पक्ष. उन्हाळ्यात त्यांना हृदयाचा त्रास झाला होता आणि त्यांचं चालणं शेडपर्यंत आलं होतं. हिराबाईजवळ बसायचं, गवारीच्या शेंगा निवडू लागायचं, परत यायचं. त्यातच सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस लागली. विषय क्रमांक सात: फाटकाशेजारील अनधिकृत पत्राशेड काढून तेथे कारंजे बसविणे.

सेक्रेटरी निकमकाका भला माणूस, पण त्यांनी कुठल्याशा मोठ्या सोसायटीत कारंजं पाहिलं होतं. कोणीतरी म्हणालं, पक्षात नवं काम काढू नये. निकमकाका म्हणाले, "शेड काढणं शुभकार्यात मोडत नाही. कारंजं आपण दसऱ्याला लावू."

रविवारी सकाळी दहाला गच्चीवर सभा भरली. बाबा थर्मास घेऊन आले. सातव्या विषयावर ते उभे राहिले, थर्मासच्या झाकणात हळदीचं दूध ओतलं आणि बोलायला लागले. ते काय करताहेत हे त्या गच्चीवर फक्त मला आणि आईला कळलं होतं.

त्यांनी पत्र्यापासून सुरुवात केली. मग पाऊस, मग पावसात भिजलेल्या मालाचे प्रकार, मग कारखान्यात एकदा गंजलेले बेअरिंग, मग सिनेट. अर्ध्या तासाने निकमकाका म्हणाले, "काका, मुद्द्यावर या."

"मी अजून उभा आहे," बाबा म्हणाले.

"म्हणूनच म्हणतोय, बसा. तब्येत बघा."

"बसलो की तुम्ही मत घ्याल."

आई शेजारणीला सांगत होती, "यांचं आता दूध संपेपर्यंत चालणार. आणि मीच भरून दिलंय, मोठा थर्मास." एक एक सभासद उठायला लागला. कोणाचा कुकर, कोणाची मॅच, कोणाला जावई यायचा होता. दीड तासाने बाबांनी बोट फिरवून माणसं मोजली, घाम पुसला आणि विजयी आवाजात म्हणाले, "अध्यक्ष महाराज, कोरम नाही!"

निकमकाकांनीही मोजलं. खरंच नव्हता. "सभा तहकूब," ते म्हणाले. बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी अडवून धरलं होतं. त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. मी हात धरून त्यांना खाली घेऊन आलो. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले. दम लागला होता, पण हसत होते. "बघितलंस? असं करायचं असतं."

हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला नोटिशीची शेवटची ओळ कोण वाचून दाखवणार? ती प्रत्येक नोटिशीच्या तळाशी असते आणि कोणी वाचत नाही. कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी होईल व तिला कोरमची आवश्यकता राहणार नाही. निकमकाका आणि सहाजण तिथेच बसून चहा प्यायले, अर्धा तास झाला आणि विषय क्रमांक सात एकमताने मंजूर झाला.

संध्याकाळी बाबांना कळलं. खिडकीतून शेडकडे बघत बसले. मग एकदम म्हणाले, "अरे, त्याचं काय झालं असेल रे? बिल पास झालं का?"

मला उत्तर माहीत होतं. त्याच आठवड्यात कॉलेजच्या संगणकावर दुसऱ्या खंडाची प्रत मला सापडली होती. पहिल्याच प्रकरणात मतदान होतं. बिल दोन मतांनी पडलं. त्यापुढे सिनेटरांची पुढची निवडणूकही गेली. तिथे मी वाचन थांबवलं होतं. पुढे वाचावंसं वाटलं नाही.

मी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. "झालं की."

"किती मतांनी?"

"सहा."

"सहा!" बाबा म्हणाले. "सहा म्हणजे बरीच झाली." आणि त्यांनी उशीला डोकं टेकलं. त्या दिवशी त्यांना शांत झोप लागली. मला लागली नाही. मी पहिल्यांदाच एखाद्या पुस्तकाची खोटी नोंद केली होती.

त्यानंतरचे तीन दिवस ते रिक्षा करून दुपारी गंगेवर जात होते. "गुरुजींशी बोलत बसतो जरा." मला बरं वाटलं. अमावास्येला त्यांनी पाणी दिलं, आईने कणीस उकडलं, कावळा आला. फाल्गुनात ते गेले. झोपेतच. त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी देवळालीला सांगायला गेलो. दुकानातला मुलगा, आता तोही पिकल्या केसांचा, गल्ल्यावरून उठून उभा राहिला आणि थोडा वेळ उभाच राहिला.

काल सर्वपित्री होती. मी गंगेवर गेलो. घाटावर ओल्या दगडांचा, दर्भाचा आणि झेंडूचा वास, मायक्रोफोनवर कोणाचं तरी हरवलेलं मूल, पिठाच्या पिंडांसाठी ताटकळलेल्या गाई. गुरुजी आता पुष्कळ थकलेत. आजोबा झाले. मग बाबांचं नाव घेतलं. आपल्या वडिलांचं नाव त्या यादीत पहिल्यांदा ऐकताना पाणी भलत्याच बोटांतून जातं. गुरुजींनी ते पाहिलं आणि थांबले.

मग म्हणाले, "आता सिनेटर."

"गुरुजी," मी म्हटलं, "ते चालू ठेवावं की नाही, मला कळत नाही. मी बाबांना त्यांच्याबद्दल..."

"गेल्या वर्षी तुम्हाला येता आलं नाही, म्हणून मी दिलं पाणी. खंड पडू दिला नाही." त्यांनी लाल कापड सोडलं. "आणि माणूस संततीवाला निघाला हो! दोन मुलगे, एक मुलगी. उशिरा लग्न केलं. आम्ही दोघांनी दुसऱ्या खंडात वाचलं ना, याच मोबाईलवर. नातवाने लावून दिलं होतं. तीन दुपारी. तुमचे वडील इंग्रजी वाचायचे, मला मराठीत सांगायचे. माझे दोन यजमान ताटकळून निघून गेले."

"म्हणजे बाबांना..."

"मुलगा सहा मतं म्हणाला, असं सांगत होते. पण म्हणे, तो खोटं बोलताना चष्मा पुसतो. शाळेपासूनची सवय." गुरुजींनी आमचं पान उघडून वही माझ्याकडे फिरवली.

पणजोबांच्या खाली सिनेटर. त्यांच्यापुढचं 'निःसंतान' एका सरळ रेघेने खोडलेलं, स्टोअरमध्ये चुकीची नोंद खोडत तसं, आणि शेजारी छोटी सही. खाली बाबांचं बारीक अक्षर:

'बिल दोन मतांनी पडले. पुढे कंपन्यांनी ओरड्याला कंटाळून आपणहून शेड बांधल्या, बहुतेक स्टेशनांवर. आमच्या मुलाने बिल सहा मतांनी पास केले आहे. ते तसेच राहू द्यावे.'

मी चष्मा काढला. गुरुजी म्हणाले, "आता कशाला पुसताय?"

"ओला झालाय."

"बरं. गोत्र काश्यप. नातं?"

"वडिलांचे सखा."

"तशी सोय नाही," गुरुजी म्हणाले. "आप्त म्हणा."

परत आलो तेव्हा पाच मिनिटांचा पाऊस होऊन गेला होता. हिराबाईने कणीस बाजूला काढून ठेवलं होतं. शेडखाली निकमकाका उभे होते, हातात मिटलेली छत्री. शेड तशीच आहे. ठराव दोन वर्षांपूर्वी एकमताने मंजूर झाला, इतिवृत्तात लिहिला गेला, आणि आमच्या सोसायटीत मंजूर झालेल्या इतर सर्व ठरावांप्रमाणे तिथेच राहिला. "कारंजं पुढच्या दसऱ्याला नक्की," निकमकाका वर पत्र्याकडे बघत म्हणाले. "पण हिला दुसरी जागा बघून देऊ आधी."

"आधी छत्रीतलं पानी तिकडं झटका," हिराबाई म्हणाली. "माझी मेथी भिजतीय."

गच्चीवर आईने पानं मांडली होती. आजोबा, पणजोबा, बाबा. आणि कडेला कणसाचं. आम्ही दोघं टाकीच्या सावलीत उभे राहिलो. एक कावळा कठड्यावर आला, मान वाकडी करून बघत बसला. येईना. आई हळूच म्हणाली, "त्यांचं काही राहिलंय का रे? तू काही बोलायचं ठेवलंयस का?"

समोर बाबांचं पान होतं. वड्यांवरचं तूप थिजायला लागलं होतं. मी चष्म्याला हात लावला नाही.

"बाबा," मी म्हटलं, "बिल पडलं होतं. दोन मतांनी. मी खोटं बोललो. पुढचं मी वाचलंच नव्हतं."

कावळा उडाला, बाबांच्या पानावरून सरळ पुढे गेला आणि कणसावर बसला. एकेक दाणा सावकाश टिपायला लागला. मी आईकडे पाहिलं. आता ती अमेरिकेवर घसरणार, असं मला वाटलं.

आईने पदराने तोंड पुसलं. "ऐकलंय त्यांनी," ती म्हणाली. "पाहुण्याला आधी जेवू देतायत."